चौदा गाल

तेरा वर्षांची असताना मी वर्गातल्या मुलींबरोबर विलायती कापड अंगाला न लावण्याची शपथ घेतली. बाकीच्यांनी भारतमातेची घेतली. मी वर येशूचीही घेतली, पक्की व्हावी म्हणून. आमचं घर भवानी पेठेत, वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, आणि अख्ख्या गल्लीत कॅथलिक असे आम्हीच.

पंधरा दिवसांवर माझा दृढीकरणाचा संस्कार होता, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी. त्यासाठी बिशप यायचे होते. डोक्यावर घ्यायला आईनं स्वतःच्या लग्नातली जाळीची ओढणी काढून ठेवली होती. ती होती विलायती. मी सरळ पापनिवेदनाला गेले आणि फादरांना विचारलं, "विलायती कापड वापरणं पाप आहे का?"

"नाही."

"आणि देवाची शपथ मोडणं?"

फादर परदेशी होते, पण इंग्रज नव्हते. मराठी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेले. "शपथ घेतली असेल, तर ती पाळिलीच पाहिजे," ते म्हणाले. मग उसासा टाकून, "परंतु तू आधी मला का नाही विचारिलेस?"

आईनं ओढणी पुन्हा पेटीत आपटली. शेवटी शेजारच्या विणकर अक्कांनी आपल्या मागावरचं पांढरं कापड दिलं. ते इतकं जाड आणि खळ लावलेलं होतं, की डोक्यावर घेतल्यावर छपरासारखं उभं राहायचं.

संस्काराच्या दिवशी आपलं कापड बघायला अक्का चर्चच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बिशपांना माझ्या कपाळाला तेल लावायचं होतं, पण कपाळ सापडेना. दोनदा त्यांनी कापड मागं सारलं, दोनदा ते पुढं आलं. तिसऱ्यांदा जमलं. मग रीतीप्रमाणं त्यांनी माझ्या गालावर हलकी चापट मारली. ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव, असा तिचा अर्थ. आम्हाला तो शिकवला होता. अक्कांना कुणी शिकवला नव्हता.

"आगं बया, मारलं की पोरीला! माज्या कापडापायी मारलं!" असं ओरडत त्या पेठेकडं पळाल्या.

आम्ही चहा-केळी आटोपून बाहेर आलो, तर फाटकात चाळीसेक माणसं, तीन झेंडे आणि एक हार. खादीची टोपी घातलेला एक तरुण पुढं आला.

"ताई, कुठल्या गालावर मारलं?"

"डाव्या. पण मला एकटीलाच नाही हो, सगळ्यांनाच मारली."

"सगळ्यांना? किती जणांना?"

"चौदा."

"चौदा!" त्यानं गर्दीकडं वळून सांगितलं. गर्दी खवळली. हार एकच होता, म्हणून तो तोडून चौदा जणांत वाटला. आमच्यात रेल्वेतल्या एका गार्डाचा मुलगा होता. त्याच्या घरी इंग्रज बादशहाची तसबीर होती. फुलं हातात पडताच तो जोरात "वंदे मातरम्" म्हणाला. त्याचा बाप तिथंच उभा होता. त्यानं घड्याळ काढून बघितलं आणि गाडी गाठायची असल्यासारखा निघून गेला.

फादर धावत आले. "ही शिक्षा नव्हे! हा सन्मान होय!"

"आमच्या पोरांना मारणं हा सन्मान?"

"मलाही मारिली आहे! बिशपांनाही लहानपणी मारिली आहे!"

गर्दीबरोबर परत आलेल्या अक्कांना बिशपांची दया आली. "मग ह्येंनी तवाच सत्याग्रह का न्हाय केला?" त्या म्हणाल्या.

मला हातगाडीवर चढवलं आणि बोल म्हणाले. मी खरं तेच सांगितलं, "जोरात मारली नाही. मी आता ख्रिस्ताची सैनिक झाले, म्हणून मारली." त्यातलं "सैनिक" तेवढं लोकांनी ऐकलं. टाळ्या थांबेनात. लोकांना फसवल्यासारखं वाटत होतं आणि खाली उतरावंसंही वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी प्रभातफेरीत मला पहिल्या रांगेत घेतलं. आईची अट एकच, चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, चुकता कामा नये. मग दोन महिने फेरी वाट वाकडी करून चर्चवरून जायची, मला गाणी म्हणत फाटकात सोडायची आणि पुढं निघायची. एकदा फेरीतल्या दोघी, पाय दुखतात म्हणून, माझ्याबरोबर आत आल्या आणि शेवटच्या बाकावर झेंडा उभा धरून मिस्सा संपेपर्यंत बसल्या.