निरोगी माणसाची काच

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका दवाखान्यात मी रोग्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू शोधायचो. बाहेरच्या बाकावर खोकत बसलेल्या माणसांचा मला रागच यायचा. "तोंडावर फडकं धरा!" असं दिवसातून दहादा ओरडायचो. खोकला मलाही होता, पण तो मी तपासणीच्या रंगातल्या फिनॉलच्या वासावर ढकलत होतो.

रंगाची नवी बाटली तयार झाली की ती आधी निरोगी माणसाच्या थुंकीवर तपासायची, अशी आमची रीत होती. या रंगात क्षयाचे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात, बाकी सगळं निळं. निरोगी माणसाच्या थुंकीच्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली लाल काही दिसता कामा नये. तो निरोगी माणूस वर्षानुवर्षं मीच होतो.

त्या सकाळी माझ्या काचेवर लाल काड्या दिसल्या. काचा धुणाऱ्या मदतनिसावर मी उखडलो. "जुनीच काच धुऊन दिलीस ना?"

"नाही जी साहेब, आत्ताच नवा डबा फोडला. काहून चिल्लावून राहिले?"

मी दुसरी कोरी काच घेतली, जुन्या बाटलीतला रंग वापरला. पुन्हा लाल काड्या, झुबक्यांनी. मग त्या मदतनिसाचीच थुंकी तपासली. ती निव्वळ निळी.

काही सुचेना, म्हणून बाहेर जाऊन त्याच बाकावर टेकलो. मौद्याहून आलेल्या एका म्हातारीने सरकून जागा दिली. तेवढ्यात मला खोकल्याची उबळ आली.

"फडकं धर गा तोंडावर," ती म्हणाली.