धनसुखभाईंची साफसफाई

धनसुखभाई पारेख टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांचं बूड काही अजून खुर्चीला टेकलेलं नाही. खात्यात असताना निदान खांबावर चढायला मिळायचं. भावनगरच्या शिवकुंज सोसायटीत चढण्यासारखं काही नसल्यामुळे आता ते लोकांच्या फोनमध्ये शिरतात. घरचा जुना टॅब्लेट दाराच्या जाळीला बांधून त्यांनी त्याचा कॅमेरा केला. दूधवाला आला की तो आत टीव्हीवर दिसतो, आणि दूधवाला रोज त्या टॅब्लेटच्या काचेत बघून भांग पाडतो. बोललं की लागणारा दिवाही त्यांनी बसवला. पण विमळाबेनचं बोलणं त्या दिव्याला कळत नाही, म्हणून त्या अजून उठून बटणच दाबतात.

"तुम्हाला घडीभर स्वस्थता नाही," विमळाबेन म्हणतात. "जेवताना तरी ते डबडं खाली ठेवा. कढी निवतेय."

"अगं, एवढं यंत्र हातात आणि लोक त्याच्यावरून करतात काय? नुसते फोन!"

सोसायटीतल्या प्रत्येक फोनचं दुखणं मात्र एकच, सकाळचं जय श्रीकृष्ण. उठलं की दात घासायच्या आधी फुलं, दिवे, गायी, कान्हा अशी चित्रं पन्नास जणांना पाठवायची, आणि पन्नास जणांची आपल्याला यायची. एखाद्या दिवशी पाठवलं नाही तर रुसवा. वर्षभरात फोन फुगतो आणि जागा संपली म्हणून रडायला लागतो. मग बोलवा धनसुखभाईंना. नाव वाचायचं नाही, वजन बघायचं, ही त्यांची रीत. सगळ्यात जड काय ते शोधायचं आणि पुसून टाकायचं. पाच मिनिटांत फोन पळू लागे. लोक चहा देत, गांठिया देत. पण खरं सांगायचं तर चटक गांठियाची नव्हतीच, त्या पाच मिनिटांची होती. ती संपली की यांचे हात पुन्हा शिवशिवायला लागत.

मंगळवारी समोरच्या तरलाबेननी हाक मारली. मुलीचं सीमंत, म्हणजे डोहाळजेवण, दोन दिवसांवर आलेलं आणि फोन नवा फोटो घेईना.

"तुम्हीच बघा भाई. मला यातलं काय कळतंय?"

धनसुखभाईंनी उभ्याउभ्याच काम उरकलं. एकाच माणसाकडून आलेले चौदाशे व्हॉइस मेसेज होते, सगळे सकाळी सहाच्या सुमाराचे. एक कानाला लावून पाहिला तर सुरुवातीलाच जय श्रीकृष्ण. पुढचं ऐकायला वेळ कोणाला? त्यांनी सगळे पुसले आणि खुशीत घरी आले.

बुधवारी सकाळी साडेसहाला तरलाबेन दारात उभ्या. फोन दोन्ही हातांत धरलेला.

"धनसुखभाई, माझे जसुभाई कुठे गेले?"

धनसुखभाईंना कालचे चौदाशे मेसेज आठवले. जसुभाई म्हणजे तरलाबेनचे मस्कतला असणारे थोरले भाऊ. फेब्रुवारीत गेले. त्यांच्या इथल्या बेसण्याला, त्या शोकसभेला, धनसुखभाई स्वतः पांढरे कपडे घालून बसून आले होते, तसबिरीला फूलही वाहिलं होतं. चार वर्षं तो माणूस रोज सकाळी बहिणीला जय श्रीकृष्ण म्हणून, प्रभातियाच्या भजनाची एखादी ओळ गाऊन मग कामावर जायचा. ते गेल्यापासून तरलाबेन रोज त्यातला एक लावत आणि मगच चहाचं आधण ठेवत.

"आजचा लावायला गेले तर काहीच नाही. तुम्ही कुठेतरी नीट ठेवले असतील ना?"

"असतील... मिळतील," धनसुखभाई म्हणाले. त्यांना त्या बाईकडे बघवेना.

मग दिवसभर त्यांच्या पायाला भिंगरी. फोन कॉम्प्युटरला जोडून, पुसलेलं परत आणून देतो म्हणणारे तीन प्रोग्रॅम चालवले. त्या प्रोग्रॅमनी गॅसची एक जुनी पावती तेवढी शोधून आणली. मग इंटरनेटवर साठणारी रोजची प्रत आठवली आणि जीवात जीव आला. लगेच हेही आठवलं की ती उन्हाळ्यात आपणच बंद करून पुसूनही टाकली, तिच्या सूचना सारख्या येतात म्हणून. मस्कतला भाभींना फोन लावला.

"त्यांचा फोन भाच्याला दिला हो. त्यानं पार साफ करूनच घेतला."

साफ या शब्दाची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शिसारी आली.

दुपारी ते ताटावर नुसतेच बसले. विमळाबेननी आज टोमणा मारला नाही.

"अहो, तरलाबेन ते मेसेज आमच्या कीर्तनाच्या ग्रुपवर पाठवायच्या की अधूनमधून. भावाचा गळा गोड म्हणून मिरवायच्या बिचाऱ्या."

धनसुखभाई ताटावरून उठले. तरलाबेनच्या फोनमधला तो ग्रुप त्यांनी कधीच रिकामा केला होता, म्हणून आधी विमळाबेनचाच फोन पाहिला. तो लख्ख होता. मग ते घरोघर फिरले, तिन्ही मजले, दोन्ही इमारती. प्रत्येक दारात तेच उत्तर.

"असं काय करता भाई, तुम्हीच तर साफ करून दिला होतात!"

हे वाक्य त्यांनी वीस वेळा ऐकलं. ज्या हुशारीचा एवढा तोरा, तिनंच त्या माणसाचा आवाज गावातून पुसून टाकला होता.

उरल्या तळमजल्यावरच्या रळियातबा. वय एकोणऐंशी. त्यांनी आपल्या फोनला धनसुखभाईंचं बोटसुद्धा लागू दिलं नव्हतं, आणि त्या रागात भर मीटिंगमध्ये धनसुखभाई त्यांच्या फोनला भंगारचं गोदाम म्हणाले होते.

"आलास? साफ करायला?"

"नाही बा. शोधायला."

"हात लावायचा नाही. तू सांग, मी दाबते."

फोन उघडायलाच दोन मिनिटं लागली. चार मेसेज वर सरकवले की पडदा थिजायचा. धनसुखभाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. रळियातबा वाटेत भेटेल ते चित्र थांबून दाखवत होत्या. "हा कान्हा बघ किती गोजिरवाणा. ही गाय माझ्या नणंदेनं धाडली." दीड तासाने मार्च आला. मग फेब्रुवारी. मग जानेवारीतल्या एका सकाळचा तो मेसेज.

"जय श्रीकृष्ण, बेन. चहा झाला की अजून लोळतेस? इकडे आज फार वारा सुटलाय..."

असे अकरा निघाले. तरलाबेनना बोलावलं. त्या फरशीवरच बसल्या आणि पहिला ऐकता ऐकता म्हणाल्या, "गाताना खोकतोय बघा. मी म्हणत होते, डॉक्टरला दाखव." मग त्यांना रडू आवरेना.

"माझं चुकलं, बेन," धनसुखभाई म्हणाले. "मी एकसुद्धा पुरता ऐकला नाही."

रळियातबांनी एकेक करून अकराही मेसेज तरलाबेनच्या फोनवर पाठवले. तरलाबेननी डोळे पुसले.

"आता हे कुठे ठेवू, भाई? तुमचा हात पोचणार नाही अशी जागा सांगा."

त्यात टोमणा नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या, आणि म्हणूनच धनसुखभाईंना ते जास्त लागलं. कार्ड, पेनड्राइव्ह, कॉम्प्युटर, त्यांना पाच जागा तोंडपाठ होत्या.

"रळियातबांच्या फोनमध्ये," ते म्हणाले. "तिथेच राहू द्या."