कडुलिंबाखालचं बोलणं

दुकानात कोणी पासवर्ड टाकायला लागलं की तो भिंतीकडे तोंड करायचा. नुसती मान नाही हो, अख्खा माणूस फिरायचा. पाठ करून उभा राहायचा आणि भिंतीवरचं तेलुगू कॅलेंडर वाचायचा. "झालं का?" विचारायचा, आणि झालं म्हटलं की मगच वळायचा. ब्लाउजचं माप घेताना आमचा शिंपी एवढा लाजत नाही.

मी एकदा आपण होऊन त्याला माझा पासवर्ड सांगितला, तर त्यानं कानांवर हात ठेवले. पण ऐकू तर गेलं होतं. म्हणाला, "मावशी, नातवाले दिवसभर हाका मारता ना तुमी?"

"मारते की."

"मंग अख्ख्या गल्लीले तुमचा पासवर्ड ठाऊक हाये. बदला. आन मले सांगू नका."

आदिलाबादेत आमच्या घरासमोरच त्याचं दुकान. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि लग्नांचं शूटिंग करायचा. माझं शिक्षण जेमतेम, पुढचं सगळं मी वाचून-विचारून शिकले, आणि विचारायला तो समोरच होता. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे रे काय, असं मी विचारलं तेव्हा त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "सासूवानी असते, मावशी. घरातलं सगळं तिच्या हुकमानं चालते. चांगली कोणती, तर जी घरात हाये हे ध्यानातच येत नाही ती." माझी सून तिथंच उभी होती. ती जरा जास्तच वेळ हसली.

शिक्षक लोकांचे जुने, धापा टाकणारे कॉम्प्युटर आले की तो त्यात फुकटातली हलकी सिस्टीम टाकून द्यायचा. "मशीन म्हातारं नाही झालं, वझं जास्त झालं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोकांना वाटायचं, विकतची नाही म्हणजे काहीतरी कमअस्सल दिलं. तो वाद घालायचा नाही. म्हणायचा, "महिनाभर वापरा, मंग बोला."

पण त्याचं खरं वेड म्हणजे 'दोन घरं'. कोणाचीही चीज एका घरात ठेवायची नाही. आग लागेल, चोर येईल, पाणी शिरेल, म्हणून एक डिस्क त्याच्या दुकानात आणि तिचीच नक्कल असलेली दुसरी माझ्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे. गल्लीत कोणाचा मोबाईल हरवला, फोटो गेले, की तो पहिल्यांदा हेच विचारायचा, "दुसऱ्या घरी होते का?" समोरचा रडवेला झालेला असायचा आणि हा विचारायचा दुसऱ्या घराचं! माणसं चिडायची त्याच्यावर.

मग हैदराबादेहून त्यानं एक जुना सिनेमाचा कॅमेरा आणला. पेटीएवढा जड. लग्नातले बाकीचे शूटिंगवाले चकचकीत चित्र लगेच मोबाईलवर पाठवायचे. याचं चित्र पहिल्यांदा राखाडी, मेलेलं दिसायचं. मी म्हटलं, "अरे बाबू, हे काय, नवरीच्या तोंडाला राख फासली का?"

"कच्ची फाईल हाये, मावशी. बिनफोडणीचं वरण. यात ऊन बी हाये आन सावली बी. रंग मी मांगून देतो, सावकाश."

या रंग देण्यात महिने जायचे. तगादे यायचे. तो कच्चं कोणाला दाखवायचा नाही म्हणजे नाही.

आणखी एक त्याची पद्धत होती. लग्नाच्या दिवशी सकाळी तो नवरीच्या बापाला एकट्याला बाजूला न्यायचा. स्वतःच्या कानाला हेडफोन लावायचा, सगळ्यांना दूर पाठवायचा आणि म्हणायचा, "पोरीसाठी दोन शब्द बोला." चारचौघांत न बोलणारी माणसं तिथं बोलायची. ते बोलणं लग्नाच्या सिनेमात शेवटी यायचं, तोवर घरच्यांनाही ठाऊक नसायचं.

तलमडुगुकडच्या एका घरचं लग्न त्यानं उन्हाळ्यात केलं. नवरीचा बाप मोठा अबोल गडी. त्यालाही यानं गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली नेलं. पावसाळ्यात कपाशी गुडघ्याएवढी झाली आणि तो माणूस वावरातच छातीला हात लावून बसला, तो गेलाच.

पोळा झाल्यावर त्या गेलेल्या माणसाची बायको दुकानात आली. मी मोबाईल दाखवायला गेले होते, म्हणून समोरच होते.

"भाऊ, लग्नाचे फोटो हायेत मोबाईलमंदी. ते नोको मले. झाडाखाली ते काय बोलले, तेवढं द्या."

"देतो ना, अक्का. रंग व्हायचे हायेत जरा."

"रंग राहू द्या. आवाज द्या."

"असं अर्धं काऊन नेता? दसरा होऊ द्या. असं बनवून देतो की पाहातच राहसाल."

 ती पदर सावरून एसटी स्टँडकडे गेली. मी म्हटलं, "अरे, दे की तिला बिनफोडणीचं." तो म्हणाला, "मावशी, त्या माणसाचं ते शेवटचं हाये. कच्चं कसं देऊ?"  त्याच्या मनात खोट नव्हती. आपल्या कामाचा जरा तोरा होता, एवढंच.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. शिलाई मशीन, ट्रॅक्टर, विळे, सगळ्याला हळदीकुंकू आणि झेंडू. सकाळी तो माझ्याकडे आला, नवं धोतर नेसून. वर्षातून तेवढ्या एका दिवशी तो धोतर नेसायचा. म्हणाला, "मावशी, कपाटातली डिस्क द्या. पूजेले लागते."

"आणि दोन घरं?"

"घंटाभराचं तर काम हाये. एकीची पूजा करा आन दुसरीले कपाटात कोंडा, बरं दिसते का?"

उंच टेबलावर पाट मांडला. कॅमेरा मधे, दोन्ही डिस्क दोन बाजूंना. आणि हत्यार चालू असतानाच पुजायचं, ट्रॅक्टर सुरू करूनच नारळ फोडतात ना, तसं. म्हणून दोन्ही डिस्क वायरीनं कॉम्प्युटरला जोडून चालू केल्या. निळे दिवे लागले. आम्ही गल्लीतल्या बायका दारात उभ्या. आरतीचं ताट घेऊन तो टेबलाला फेरी घालायला लागला, आणि धोतराचा सोगा वायरीत अडकला.

ताट त्यानं सावरलं. दोन्ही डिस्क फरशीवर पडल्या. फार मोठा आवाज झाला नाही. एकीतून जरा वेळ टिक-टिक येत राहिली, मग तीही बंद झाली. हातातली आरती तशीच जळत होती आणि तो खाली पाहत होता. कॅमेऱ्यातलं कार्ड तर त्यानं कधीच पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं.

दोन्ही डिस्क तो हैदराबादेला घेऊन गेला. तिथल्या लोकांनी उघडून पाहिल्या आणि सांगितलं, आतल्या तबकड्या खरवडल्या गेल्या, काही निघणार नाही. परत आल्यावर त्यानं शटर अर्धंच उघडायला सुरुवात केली. पानठेल्यावर पोरं हसायची, "दुसऱ्या घरी होतं का, भाऊ?" तो ऐकून घ्यायचा. मला त्या हसण्याची लाज वाटायची, आणि त्याच्याकडे बघायचीही.

मग एक दिवस म्हणाला, "मावशी, चला माह्यासंगं. एकट्यानं जाववत नाही."

तलमडुगुच्या पुढे त्यांचं गाव. अंगणात कापूस वाळत घातलेला. त्या बाईनं सतरंजी टाकली. तो बसला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, धोतरासकट. मी जमिनीकडे बघत होते. चूक तर माझी काहीच नव्हती.

बाईनं सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाली, "मशीन गेलं तर जाऊ द्या. तुमी होते ना तिथं? कानाले लावून आयकून राह्यले होते. तुमीच सांगा, काय म्हटलं त्याईनं?"

मी मनात म्हटलं, सांग रे बाबू. काहीतरी सांग. सुखी राहा म्हटलं, सासरी नीट वाग म्हटलं, कोण तपासायला येतं?

त्याचे ओठ हलले. मग म्हणाला, "नाही आठवत, अक्का."

"काहीच?"

"पानातून ऊन येऊन राह्यलं होतं त्याईच्या तोंडावर. हालत होतं. मी तेच पाहून राह्यलो होतो. कॅमेऱ्यावर आवाजाची काडी वरखाली होते, तीबी पाह्यली. शब्द... शब्दाकडं ध्यान नव्हतं माहं. वाटलं, मांगून आयकू."

बाईनं खाली बघून कापसातली किडकी कवडी वेचून बाजूला टाकली.

"किती वेळ बोलले?"

"तीन-चार मिनिटं असतील."

"एवढे?" ती एकदम वर बघून म्हणाली. "माह्या घरात तर एका टायमाले एवढं कधी बोलले नाहीत."

तिनं चहा केला. त्यानं कप हातात घेतला आणि तसाच ठेवला. आम्ही स्कूटरपाशी आलो तर ती मागून रस्त्यापर्यंत आली.

"भाऊ, रडले का ते?"

"नाही. हासले एकडाव."

"कायले?"

त्यानं नाही अशी मान हलवली. 

दिवाळीनंतर त्यानं कॅमेरा विकला, दुकान सोडलं. बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या क्वार्टरजवळ कोणाच्या तरी दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फोन केला तर उचलतो, पण हां-हूं करून ठेवतो.

यंदा तिकडे माझ्या पुतणीचं लग्न होतं. त्याला निरोप दिला होता, येईल असं वाटलं नव्हतं. मांडवात शूटिंगवाले दिवे घेऊन फिरत होते, आणि तो मागे, स्वयंपाकाच्या बाजूला, एका म्हाताऱ्या पाव्हण्याशेजारी खुर्चीवर बसलेला दिसला. म्हातारा आपल्या गुडघ्याचं काहीतरी सांगत होता, कोणता डॉक्टर केला, कोणतं तेल लावलं, लांबच लांब. हा डोळे मिटून बसलेला. मी जवळ जायला निघाले, आणि अर्ध्यातच थांबले.

म्हाताऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. "काय गा, झोपला काय?"

"नाही जी," तो डोळे न उघडता म्हणाला. "आयकून राह्यलो. बोला तुमी."