होती तशी सायकल

गाव सोडलं त्या सकाळी मी रडलो नाही, भांडलो. पुण्याची एसटी औशाच्या स्टँडवर लागली होती, माझी पत्र्याची पेटी टपावर चढली होती, आणि लगेज तिकीट काढलं तर सायकलही वर टाकू, असं कंडक्टर म्हणाला होता. पण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हँडल धरलं ते सोडलंच नाही. "बाळूला कॉलेजला लागंल. तुला तिकडं कंपनीची बस असंल की." बाळू माझा धाकटा भाऊ. गाडी सुटायच्या आधीच तो सायकलच्या सीटवर बसला होता, एक पाय जमिनीला टेकवून. आई डोळ्याला पदर लावून उभी होती आणि मी बाळूच्या अंगठ्यांकडे बघत होतो, कारण तो आतापासूनच गिअरचे खटके मागेपुढे करत होता. तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत, त्यांच्याकडे निरोपाची काहीतरी हळवी आठवण असेल. माझी ही अशी आहे.

सायकल साधी नव्हती. जाड टायरची, अठरा गिअरची, काळ्या रंगावर पोपटी पट्टा. आता असल्या सायकलीला माउंटन बाइक म्हणतात. तेव्हा औशात तिला नुसतं 'गिअरची' म्हणायचे, कारण दुसरी नव्हतीच. तिच्यासाठी दोन उन्हाळे मी डाळ मिलमध्ये पोती शिवली होती आणि कमी पडलं ते आप्पांनी घातलं होतं. अकरा महिने ती माझ्याकडे होती. ती माझी आहे, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

इकडे आल्यावर निगडीत कॉट बेसिसवर राहिलो, एका खोलीत सहा जण. आयटीआयच्या जोरावर चाकणला एका कंपनीत लागलो आणि पुढे क्वालिटीत गेलो. तेव्हापासून माझं काम एकच: आलेला पार्ट ड्रॉइंगशी ताडून बघायचा, आणि तसा नसेल तर लाल टॅग लावून लाल क्रेटमध्ये टाकायचा. गावाकडे प्रत्येक गोष्टीला एक उत्तर तयार असतं, 'चालतंय की.' कडी नीट बसत नाही, चालतंय की. नळ गळतोय, चालतंय की. मला पगार मिळतो तो 'चालत नाही' म्हणण्याचा. सुट्टीला गेलो की दोन दिवसांत माझं डोकं फिरायचं, आणि आई म्हणायची, "ह्यो आला की घरात तपासनी आल्यावानी वाटतंय." असं म्हणणारी आई आता नाही, पण तपासणी सुटलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी असाच गेलो असताना गोठ्याच्या पत्र्याखाली सायकल दिसली आणि आधी ओळखूच येईना. गिअर गायब. मागे साध्या काळ्या सायकलचं फ्रीव्हील. त्यावर दूधवाल्याला शोभेल असं दणकट कॅरिअर, कॅरिअरवर रिक्षाच्या सीटचा फोम तारेनं आवळलेला, खाली लोखंडी स्टँड. आणि मागच्या चाकाजवळ, फक्त डाव्या बाजूला, फ्रेमलाच वेल्डिंग करून जोडलेली एक आडवी पट्टी. लावायचीच होती तर निदान दोन्ही बाजूंना तरी लावायची. मी बाळूला म्हणालो, ही मी नेतोय. तो म्हणाला, "ने की. तुझीच हाय." त्यानं वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. एवढी वर्षं मनात जपलेलं भांडण त्याला भांडायचंच नव्हतं.

ओळखीच्या टेम्पोतून सायकल चिखलीच्या आमच्या फ्लॅटवर आली आणि माझा छळ सुरू झाला. जुन्या सायकलींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात बहुतेक जण पिंपळे सौदागरचे आयटीवाले. त्यांनी मला 'पिरियड करेक्ट' हा शब्द शिकवला. म्हणजे सायकल ज्या काळातली, सुटा भागही त्याच काळातला हवा. आजचा नवा बोल्टसुद्धा चालत नाही. 'चालत नाही' म्हणणारी एवढी माणसं एकदम भेटल्यावर मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. माझा हेतू मात्र ग्रुपमध्ये मिरवण्याचा नव्हता. मला ती सायकल दुकानातून आणली त्या दिवशी होती तशी करायची होती आणि आप्पांना दाखवायची होती. त्यांनी नुसतं 'अगदी तशीच झाली' म्हणावं, इतकंच मला हवं होतं.

त्या एका वाक्यासाठी दीड वर्ष गेलं. लुधियानाच्या कुठल्याशा गोदामात पडून राहिलेले त्या काळचे कोरे टायर मागवले. हवा भरताच ते कडेनं चिरले. हँडलची दांडी कुदळवाडीच्या भंगारात मिळाली, ती एक मिलिमीटरनं जाड निघाली. पॅडलचे आटे जुळेनात. रत्नागिरीच्या एका निवृत्त मास्तरांकडे अंगठ्यानं सरकवायचे गिअरचे खटके होते. त्यांनी तीनदा फोनवर माझी मुलाखत घेऊन ते पाठवले, आणि पार्सल उघडतो तर दोन्ही डाव्या हाताचे. उजवा शेवटी ग्रुपमधल्या एकाच्या मेव्हण्याच्या बॅगेतून जर्मनीहून आला. माझी बायको वैशाली म्हणाली, "माणसं या वयात देवाला लागतात, तुम्ही सायकलीला लागलात." बाल्कनीत तुळशीशेजारी चेन रॉकेलमध्ये भिजत होती, तेव्हा तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

खरा वैताग होता रफिकभाईंचा. आकुर्डीत त्यांचं सायकलचं दुकान आहे आणि हात सोन्याचा आहे, पण प्रत्येक वेळी प्रवचन. "साहेब, सायकल चालवायला असते. तुम्ही तिचं लग्न लावताय." मी घरी बसून जे जे मूळचं नाही त्याला लाल टॅग लावला होता: कॅरिअर, फोम, स्टँड, फ्रीव्हील. ते सगळं एका क्रेटमध्ये भरून भंगारवाल्याला दिलं. राहिली डाव्या बाजूची पट्टी. ती ग्राइंडरनं कापायला सांगितली, तेव्हा रफिकभाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि ग्राइंडर खाली ठेवला. "ही कुणीतरी जपून लावलीय, साहेब. बघा, सगळ्या कडा घासून गोल केल्यात. कापण्याआधी घरी एकदा विचारा." मी म्हणालो, यात विचारायचं काय आहे, ड्रॉइंगमध्ये ती नाही. त्यांनी कापली. पुसटसा डागही राहणार नाही अशी घासली, वरून तोच काळा रंग, तोच पोपटी पट्टा.

गेल्या महिन्यात आप्पा आले. बाळूनं घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायला घेतला, तेवढ्या पंधरा दिवसांसाठी. मी सायकल हॉलमध्ये, ट्यूबलाइटच्या खाली उभी करून ठेवली होती. आप्पा काठी टेकत तिच्याभोवती फिरले. हँडलला हात लावला, सीटला लावला, मग हात तसाच मागे नेला आणि तो मोकळ्या हवेत थांबला.

"चांगली हाय," ते म्हणाले. "कुनाची?"

मी म्हणालो, आपली आप्पा, आपली गिअरची. त्यांनी पुन्हा वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं. चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, गोंधळ होता. म्हणाले, "मग मी कुठं बसायचो?"

मला काहीच समजेना. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन बाळूला फोन लावला आणि सवयीनं त्याच्यावरच ओरडलो, की हे आप्पा काय म्हणतायत. मागे स्लॅबवाल्यांचा गोंगाट चालला होता. त्यानं बाजूला जाऊन सांगितलं. आप्पांना लकवा मारला त्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा चार दिवसांची रजा काढून गेलो होतो आणि परत आलो होतो. पुढं सव्वा वर्ष बाळूनं त्यांना रोज व्यायामाच्या डॉक्टरकडे नेलं, ते या सायकलवरून. आमच्या बोळात रिक्षा येत नाही. आधी त्यांना कॅरिअरवर बसवून, कमरेला पट्टा बांधून, नुसतं ढकलत न्यायचा. तोल सांभाळता येऊ लागल्यावर चालवत. "डावा पाय लोंबकळायचा, दादा. चाकात जाईल म्हनून पट्टी मारून घेतली. कडा लागायच्या, त्या मीच कानशीनं घासल्या."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "त्यात सांगायचं काय?"

मग मी विचारलं, की सगळं ठीक, पण गिअर कशाला काढलेस. गिअर असते तर तुलाच सोपं गेलं असतं. "केबल तुटली होती. औशात कुठं मिळती? तुला म्हनलतो की फोनवर, तिकडून आन म्हनून. दोनदा म्हनलतो."

म्हणाला होता. मला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मी चाकणहून सुटलेल्या बसमध्ये होतो, 'बघतो' म्हणालो होतो. गिअरची केबल निगडीतल्या कुठल्याही सायकलच्या दुकानात खिळ्याला लटकलेली असते. त्या दुकानांवरून मी वर्षानुवर्षं जा-ये केली. जर्मनीहून खटका मागवणाऱ्या माणसाला शेजारच्या दुकानातून एक तार पाठवायला जमलं नव्हतं.

कंपनीत ड्रॉइंगबाहेरचं काही दिसलं की आधी विचारायचं असतं, हा बदल कुणी मंजूर केला आणि का. ते विचारल्याशिवाय क्रेट भंगारात जात नाही. नव्या मुलांना हे मीच शिकवतो, घसा कोरडा होईपर्यंत. आणि घरच्या मालाला मी एकही प्रश्न न विचारता लाल टॅग लावला. ग्रुपवाले म्हणाले, रविवारी प्रदर्शनात आणा, तुमचीच सगळ्यात पिरियड करेक्ट आहे. मी विचारलं, कुठला पिरियड. त्यांना वाटलं मी नम्रपणा करतोय. माझा काळ अकरा महिन्यांचा होता; पुढचा सगळा त्या दोघांचा होता, आणि तो मी भंगारात घातला. रफिकभाईंना घेऊन कुदळवाडीत दोन दिवस कॅरिअर शोधलं. कॅरिअर मिळालं नाही, आणि प्रवचनही ऐकावं लागलं नाही. तेच जास्त लागलं.

आप्पा जायच्या आदल्या संध्याकाळी बाल्कनीत बसले होते. त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, आप्पा, मला यातलं काही माहीतच नव्हतं. त्यांना माझा आवाज नेहमीसारखा वाटला नसावा, कारण त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"तहसीलचा चढ हाय का न्हाई," ते म्हणाले, "तितं बाळ्याला दम लागायचा. खाली उतरून ढकलायचा, पर मला उतरू द्यायचा न्हाई. आन् रोज तितं आला की म्हनायचा, दादा असता तर मागनं रेटला असता."

त्यात तक्रार नव्हती. एखादी चांगली आठवण सांगावी तसं ते सांगत होते, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, ते एकमेकांना विचारता ना, की घर म्हटलं की काय आठवतं. मला आता तो चढ दिसतो, जो चढताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. आप्पा कॅरिअरवर बसलेत, बाळू घामाघूम होऊन ढकलतोय, आणि माझं नाव घेतोय. मी चाकणला ओव्हरटाइमला आहे.