न पिकणारा मोतीबिंदू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

अण्णांनी तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर कांद्याची पोती वाहिली, आईनं चार घरची भांडी घासली, आणि त्या घरातून मी बी.कॉम. झाले. साताऱ्याकडच्या आमच्या अख्ख्या भावकीत पहिली. गर्व आहे. का नसावा? पण घरात एकच ग्रॅज्युएट असला की त्याला ‘माहीत नाही’ म्हणायची सोय उरत नाही. लाइटबिल, पाऊस, गुडघेदुखी — सगळं मलाच विचारायचे.

एकदा अण्णांच्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, गुलाबी मांस दिसायला लागलं.

"बघ गं, काय हाय?"

मी बघितलं. आणि — काय सांगू तुम्हाला — ठणकावून म्हणाले, "मोतीबिंदू. कच्चा आहे. पिकला की काढू."

झालं! आढीत आंबे घातल्यासारखं सगळं घर वाट बघायला लागलं. दर रविवारी आई अण्णांची पापणी उचलून विचारायची, "पिकला का गं?" मी वाकून बघायचे. "अजून नाही." तोवर मांस सरकत बुबुळावर चढलं. अण्णांनी भलत्याच गाळ्यावर पोती उतरवली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा मोतीबिंदू नाहीच. उन्हाधुळीनं डोळ्यावर मांस वाढलंय. ते पिकत नसतं, पसरतं. "आणखी उशीर झाला असता तर त्या डोळ्याची नजर गेली असती. थांबायला सांगितलं कुणी?"

अण्णा बाहेर, डोळ्यात थेंब घालून बसलेले. आत मी आणि आई. आणि मी — ग्रॅज्युएट — काय म्हणाले असेन?

"आईनं."

"अहो मावशी, घरात एवढी शिकलेली पोरगी असताना..." बाई जे सुटल्या! आईनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाली, "आता चहा तरी पाजा, डॉक्टर."

ऑपरेशन झालं. अण्णांना अजून वाटतं, पोरीनं बरोब्बर पिकल्यावर काढून घेतलं. काळा गॉगल लावून बाजारभर तेच सांगतात. आता मी माहेरी आले की त्यांचे जोडीदार मला डोळे दाखवायला घरी येतात! आई पाणी देते, माझ्याकडे बघते, आत जाते. तिनं अण्णांना सांगितलेलं नाही. मीही नाही.

मांस निघालं, परत आलं नाही. त्या डोळ्यानं अण्णा गाळ्यांचे नंबर लांबूनच वाचतात.