भाचीची आठवी, लेकीची सातवी

माझी मुलगी इंग्लंडच्या एक इयत्ता मागे आहे, हे मला भर दुष्काळात कळलं.

त्या उन्हाळ्यात धारूरजवळच्या आमच्या गावात पाण्याचा टँकर आला की सण! जनावरं चारा छावणीत. त्यामुळे मी जिचा चेअरमन होतो, त्या दूध सोसायटीत दूध सोडून सगळं होतं. खुर्च्या होत्या, माईक होता आणि मला वेळच वेळ होता!

अशात माझी धाकटी बहीण मंगल बारा वर्षांच्या ईशाला घेऊन इंग्लंडहून आली.

"कितवीत गं तू?" मी विचारलं.

"इयर एट, मामा."

एट म्हणजे आठ, एवढं इंग्रजी मला येतं. (तेवढंच येतं.) आठवी! आणि ईशाच्याच महिन्यात जन्मलेली आमची पिंकी सातवीत!

"पिंके, तुझ्याच वयाची हाय ती! तू कावून मागं?"

"अण्णा, माझा वर्गात पहिला नंबर हाय!"

"सातवीतला पहिला म्हंजे आठवीतल्या ढ पोराच्या बी मागं!"

पिंकी रडत आत गेली. बायको लाटणं घेऊन बाहेर आली. मी तडक शाळेत गेलो.

"गुरुजी, पिंकीला एकदम नववीत बसवा!"

हेडमास्तर गुरुजींनी मलाही शिकवलेलं. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "बाबुराव, ऊन लई हाय. टोपी घालत जा."

मग मी हट्टाने सोसायटीत ईशाचा जाहीर सत्कारच ठेवला! टँकरचा दिवस धरला, म्हणजे घागरी घेऊन अख्खा गाव आयताच हजर. मी माईक धरला.

"मंडळी! या लेकरानं एक यत्ता गाळून आठवी गाठली! शेवटी रक्त आमचं हाय!"

टाळ्या! पिंकी मात्र कोपऱ्यात मान खाली घालून उभी. ईशाने तिच्याकडे पाहिलं आणि शाल न घेता माझ्या हातातला माईकच घेतला.

"मामा, मी काही गाळलं नाही. आमच्याकडे पाच वर्षांची मुलं पहिलीत जातात, तुमच्याकडे सहा. म्हणून माझी आठवी म्हणजे पिंकीची सातवीच. आणि आमच्याकडे वय वाढलं की वर्ग वाढतो. नापास कोणी होत नाही."

मग व्हाइस चेअरमन किसनराव ताडकन उठले.

"नापासच करत न्हाईत? मंगलताई, आमचा दिगंबर घिऊन जा!"

"आमची बी दोन हायेत!"

मंगलभोवती ही गर्दी! टँकरवाला हॉर्न वाजवून दमला, पण पाण्याला कोणी जाईना!

इंग्लंडने तोंडघशी पाडलं, म्हणून मी घाबरून विचारलं, "मंगल, अमेरिकेत कसं हाय गं?"

"तिथं या वयाला सातवीच, दादा."

"मंडळी!" मी ओरडलो, "अमेरिका आपल्या पद्धतीनं चालती!"

पुन्हा टाळ्या! त्या भरात मी शाल पिंकीच्या खांद्यावर टाकली. ती फणकारली, "मी पहिली आलते तवा कावून न्हाई घातली?"

तेवढ्यात गुरुजींनी माईक घेतला.

"इंग्लंडात आठवीला बारा वर्षांचं लेकरू बसतं म्हणे. आपले चेअरमन आठवीत होते तवा शाळा तपासायला मोठे साहेब आलते. त्यांनी मला सोडून यालाच गुरुजी समजून नमस्कार केला!"

गाव हसून लोळला. बायकोसुद्धा! आणि गुरुजींनी सांगितलं ते अर्धंच होतं. मीही साहेबांना "बसा" म्हणालो होतो.