सगळ्याला हो म्हणणारी स्क्रिप्ट

जुन्या ऑफिसातलं काम कोणाला आठवत नाही, पण घोळ मात्र कोणी विसरत नाही! बंगलोरचं आमचं ते ऑफिस सुटून बरीच वर्षं झाली. तरी तेव्हाचे दोघे भेटले की चहा येईपर्यंत दोन किस्से होतात आणि चहा गार होईपर्यंत बाकीचे.

नव्वदीतली गोष्ट. बनशंकरीतल्या एका घराचा वरचा मजला म्हणजे आमची कंपनी. साहेब म्हणजे हुबळीचे राव सर, मोडकंतोडकं का होईना पण हौसेनं मराठी बोलणारे. मी पुण्याहून आलेलो, आणि निपाणीचा देसाई. मशिनं सांभाळणं देसाईकडे. मशिनची ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केली की वरचं सगळं सॉफ्टवेअर पुसलं जायचं आणि एकेक पॅकेज पुन्हा घालावं लागायचं. प्रत्येक पॅकेज पावलोपावली विचारणार, "पुढे जाऊ का? वाय की एन?" आपण वाय दाबायचं, एंटर मारायचं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. देसाई डाव्या हातानं वाय-एंटर करायचा आणि उजव्या हातानं चित्रान्न खायचा.

खालच्या मजल्यावर घरमालकीण अक्का. घर मराठी, पण आजोबांच्या काळापासून बंगलोरचं. एकदा लोणचं द्यायला वर आल्या आणि देसाईकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "काय रे, सकाळपासून ते विचारतंय आणि तू आपला हो हो करतोयस. आमचे हे स्वल्प तरी असे असते तर!"

* * *

देसाईला बेळगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. फोटो बघूनच गडी पार विरघळला. पण बघायला जायचं ठरलं की अपग्रेड आडवा यायचा! दोनदा कार्यक्रम पुढे ढकलला. शेवटी मुलीचे वडील फोनवर म्हणाले, "या रविवारी आलात तर या. नाहीतर राहू द्या."

आणि राव सरांनी नेमका आदल्या शनिवारी सगळ्या मशिनांचा अपग्रेड लावला. "मशीन सगळे चालू झाले की तू जा," एवढंच त्यांचं म्हणणं.

देसाई रडकुंडीला आला. मग एकदम उसळून म्हणाला, "मी काय आता वाय दाबत बसत नाही बघ. स्क्रिप्ट लिहितो. मशीनच विचारू दे आणि मशीनच उत्तर देऊ दे की!"

* * *

पहिली चाचणी अर्थातच माझ्या मशिनवर, अपग्रेड न करताच. स्क्रिप्टला एकच गोष्ट शिकवलेली: प्रश्न कुठलाही येवो, उत्तर वाय. ती सुरू करून आम्ही कॉफी प्यायला गेलो.

मागे पॅकेजनं विचारलं, "जुनं व्हर्जन सापडलं, काढून टाकू का?" वाय. "त्याच्यावर चालणारं बाकीचं सगळंही काढू का?" वाय!

परत आलो तर देसाई खूश. "एक एरर नाही बघ!"

"अरे, मशिनमध्ये काही उरलंच नाही. एरर देणार कोण?"

* * *

दुसऱ्या खेपेला स्क्रिप्ट शहाणी झाली. अपग्रेडच्या आधी मशिनवर काय काय आहे ते बघून ठेवायची आणि नंतर नेमकं तेवढंच परत घालायची. देसाईनं ती राव सरांच्याच मशिनवर सगळ्यांसमोर चालवली. ऑफिसात गेम्स बंद, असा कागद राव सरांनीच भिंतीवर लावलेला. स्क्रिप्ट नावं दाखवत चालली. कंपायलर परत आला, एडिटर आला, डेटाबेस आला आणि पाठोपाठ तीन गेम्स आले!

राव सर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "ते टेस्टिंगसाठी आहे."

"मग काढू काय सर?"

"नको, नको. एवढा छान स्क्रिप्ट आहे, काम अर्धा का ठेवायचा?"

* * *

शनिवारी स्क्रिप्ट झकास चालली, फक्त एका ठिकाणी अडायची. "दुसरी सीडी घाला." आता सीडी कोणती स्क्रिप्ट बदलणार? यशवंतपूर स्टेशनवरून बेळगावची गाडी गाठायची होती, निम्मी मशिनं बाकी होती आणि देसाई सारखा घड्याळ बघत होता.

राव सरांनी खुर्ची ओढली. "सरी, होगप्पा! जा तू. सीडी मी बदलतो."

देसाई धावत सुटला. अक्कांनी त्याला जिन्यात अडवून हातावर दही-साखर ठेवली. राव सर पुढे कित्येक दिवस कौतुकानं सांगत होते, "सगळ्यांना काम मी सांगतो. त्या दिवशी मशीन मला सांगितला, आणि मी केला!" मला ते तेव्हा फार आवडले. अजून आवडतात.

* * *

बेळगावात काय झालं ते देसाईनं परत आल्यावर सांगितलं. मुलगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. पहिलाच प्रश्न तिचा, "दोनदा का आला नाहीत?" देसाईनं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. वाय-एंटर, स्क्रिप्ट आणि माझ्या मशिनची साफसफाईसुद्धा. ती हसली नाही.

"लग्नानंतर मी नोकरी करणार. चालेल?"

"हो."

"मला स्वयंपाक बेताचाच येतो."

"हो."

"आणि मी नाही म्हटलं, तर चालेल?"

"हो!"

शेजारी बसलेल्या देसाईच्या काकांनी कपाळावर हात मारला. मुलीनं रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि ती आत निघाली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा देसाईनं मागून विचारलं.

"पुढे... पुढे जाऊ काय?"

ती वळली.

"वाय," ती म्हणाली. "एंटर."